क्रीडांगणावरून न्यायासनाकडे

अमेरिकेत ज्यास फुटबॉल म्हणतात तो आपल्या परिचयाचा, पायांनी खेळावयाचा खेळ नव्हे. त्यातील चेंडू लांबट, अंडाकृती असून तो बहुधा हाताने फेकला जातो किंवा छातीशी कवटाळून पळविला जातो. दोन्ही पक्षांचे अकरा अकरा गडी असतात. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनी चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावयाचे. ते साधले तर आणखी चार प्रयत्न मिळतात, न साधले तर चेंडू प्रतिपक्षाचा होतो. आपल्या हुतूतूत एकच गडी घटकेत चढाई करतो आणि घटकेत पकडीस उभा राहतो. धंदेवाईक अमेरिकन फुटबॉलात तसे नाही. चढाईचे गडी निराळे आणि बचावाचे निराळे. बचाव करणाऱ्यास गुण मिळविण्याची संधी क्वचितच येते, त्यामुळे वाहवाही बेताचीच. अशाच एका बचावाच्या गड्याची हकीगत आज सांगावयाची आहे.

ॲलन पेज यांचा जन्म ७ ऑगस्ट १९४५ रोजी, संयुक्त संस्थानांपैकी ओहायोमधील कँटन या गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्याच गावी १९६३ साली या खेळातील थोर खेळाडूंचे स्मारकमंदिर उघडण्यात आले. त्याचे बांधकाम चालू असता विद्यार्थिदशेतील पेज तेथे मजुरीस होते. पुढे ते नोत्र दाम विद्यापीठात गेले. तेथील संघाने १९६६ साली महाविद्यालयांतील अजिंक्यपद मिळविले, आणि १९६७ मध्ये राज्यशास्त्राची पदवी घेऊन पेज मिनेसोटा वायकिंग्ज या धंदेवाईक संघात दाखल झाले.

त्यांची जागा बचावफळीच्या मध्यभागी, प्रतिपक्षाच्या दांडग्या गड्यांच्या अगदी समोर. चेंडू हलताक्षणी त्या गड्यांमधून वाट काढावयाची आणि चेंडू फेकणारा जो सूत्रधार, ज्यास क्वार्टरबॅक म्हणतात, त्याला फेक करण्यापूर्वीच लोळवावयाचे, हे त्यांचे काम. अशा जागी नुसते वजन पुरेसे, असे आपणांस वाटेल. पेज यांचे बळ मात्र चपळाईत होते. समोरचा गडी सावरण्यापूर्वीच ते त्याच्या बगलेतून पार झालेले असत. १९७१ साली असोसिएटेड प्रेसने त्यांना वर्षातील सर्वांत मोलाचा खेळाडू ठरविले. हा मान बचावाच्या गड्यास मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. त्यांच्यानंतर तो लॉरेन्स टेलर या एकाच बचावपटूस, १९८६ साली, मिळाला. गंमत अशी की, सूत्रधारास लोळविल्याची अधिकृत मोजणी १९८२ पासून सुरू झाली आणि पेज १९८१ मध्येच निवृत्त झाले होते. ज्या कामात त्यांचा हातखंडा, त्याचाच अधिकृत आकडा त्यांच्या नावावर नाही! त्यांचा संघ चार वेळा अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि चारही वेळा हरला. इतके असून पंधरा वर्षांत त्यांनी ओळीने २१८ सामने खेळले. एकही चुकविला नाही.

पण माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. खेळाडू म्हणून नाव होत असतानाच पेज यांनी एका विधिमहाविद्यालयात नाव घातले होते. ते काही आठवड्यांतच सोडले. १९७५ साली त्यांनी पुन्हा प्रारंभ केला, या वेळी मिनेसोटा विद्यापीठात, आणि खेळ चालू ठेवूनच १९७८ मध्ये कायद्याची पदवी मिळविली. त्याच सुमारास पत्नी डायान यांच्याबरोबर त्यांना लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद लागला. त्यायोगे वजन पुष्कळ उतरले. संघाच्या चालकांना हे रुचले नाही. इतक्या हलक्या गड्याचा त्या जागी उपयोग नाही, असे ठरवून १९७८ च्या हंगामाच्या मध्यावरच त्यांना काढून टाकण्यात आले. सात वर्षांपूर्वीचा सर्वश्रेष्ठ खेळाडू शिकागो बेअर्स संघाने अवघे शंभर डॉलर शुल्क भरून उचलला! त्याच हलक्या देहाने ते शिकागोकडून आणखी तीन हंगामांहून अधिक काळ खेळले, आणि १९७९ साली त्यांनी पूर्ण मॅरेथॉन धावून दाखविली. वजनाचा हिशेब करणाऱ्यांनी माणसाचा हिशेब केला नव्हता, असे मला वाटते.

१९८८ साली कँटनच्या त्याच स्मारकमंदिरात पेज यांना स्थान मिळाले. अशा प्रसंगी खेळाडूचा परिचय बहुधा जुना प्रशिक्षक किंवा सहकारी करून देतो. पेज यांनी बोलाविले मिनियापोलिसमधील एका हायस्कुलाच्या मुख्याध्यापिका विलारीन बीझली यांना, आणि स्वतःचे भाषण शिक्षणावर केले. आपल्या संघातील काही गड्यांना खेळाच्या डावपेचांची वही धड वाचता येत नव्हती, असे त्यांनी सांगितले आहे. जी माणसे पदवीच्या उंबरठ्यापर्यंत गेली, तीच अक्षराशी अडखळतात, हे ऐकून कोणत्याही शिक्षकास झोप येऊ नये. त्याच वर्षी पेज दांपत्याने कृष्णवर्णीय व अन्य अल्पसंख्य विद्यार्थ्यांकरिता शिष्यवृत्तीचा निधी स्थापिला. त्यातील अट फार मार्मिक आहे : शिष्यवृत्ती घेणाऱ्याने आपल्याहून लहान मुलांना शिकविण्यासाठी वेळ दिला पाहिजे.

मिनेसोटात न्यायाधीश लोकांच्या मतांनी निवडले जातात. १९९२ साली एका न्यायमूर्तींची मुदत संपत आली असता राज्यपालांनी ती वाढवून दिली आणि त्या जागेची निवडणूक टळू लागली. पेज यांनी दाद मागितली. वाद सर्वोच्च न्यायालयाच्याच जागेचा, म्हणून तेथील न्यायमूर्ती बाजूस झाले, त्यांच्या ठिकाणी दुसरे बसविण्यात आले, आणि निवडणूक घेतलीच पाहिजे असा निर्णय झाला. पेज उभे राहिले व निवडून आले. १९९३ च्या जानेवारीत त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती म्हणून ते आसनस्थ झाले, पुढे तीन वेळा पुन्हा निवडले गेले आणि सत्तरीच्या नियमानुसार २०१५ मध्ये निवृत्त झाले.

खेळाची एक खूण मात्र त्यांच्या अंगावर राहिली आहे. त्यांच्या एका हाताची करंगळी मैदानावर अशी निखळली की ती आता तळहाताशी काटकोन करून बाहेर वळलेली असते. शाळांतून ते बोलावयास जातात तेव्हा मुलांची दृष्टी न्यायमूर्तींच्या पदाकडे न जाता त्या करंगळीकडे जाते. म्हणून २०१३ साली त्यांनी आपल्या कन्येसह मुलांसाठी एक पुस्तक लिहिले. त्याची नायिका ती करंगळीच आहे.