चौघांची खोली, कचरा कुणाचा?

पावसाळा सरत आला की माझ्या दवाखान्यात तापाचे रुग्ण वाढतात. मागच्या वर्षी अशाच दिवसांत कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला. सणसणून ताप, डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे आखडलेले. रक्ततपासणीत डेंग्यू निघाला. साकोलीत भाड्याची खोली घेऊन चौघे मित्र राहत होते. आठवडाभरात दुसऱ्यालाही ताप भरला, तेव्हा मी स्वतःच त्यांची खोली पाहायला गेलो.

खोली झाडलेली होती. मागच्या अंगणात मात्र चहाचे कप, दह्याचे डबे, फुटक्या बाटल्या आणि एक जुने टायर यांचा ढीग होता. त्यात पावसाचे पाणी साचलेले आणि पाण्यात अळ्या वळवळत होत्या. "हे कोण उचलतो?" म्हणून विचारले, तर चौघे एकमेकांकडे पाहू लागले. एकजण म्हणाला, "सर, मी एकटाच काहून उचलू?" झाले! जे सगळ्यांचे, ते कुणाचेच नाही. असा हा बारभाईंचा कारभार.

वाचकहो, डेंग्यूचा एडिस डास घाण गटारापेक्षा साचलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. दह्याच्या डब्यातले घोटभर पाणीही त्याला पुरते. अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण 7 ते 10 दिवस लागतात. अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असली तरी कित्येक महिने टिकतात. हा डास बहुधा दिवसा चावतो. रुग्णाचे रक्त प्यालेला डास पुढे त्याच खोलीतल्या दुसऱ्यालाही आजार देऊ शकतो. म्हणजे कचरा एकाने टाकला तरी ताप चौघांनाही येऊ शकतो.

ओला व सुका कचरा एकत्र केला की आणखी बिघडते. रद्दी, पुठ्ठा, बाटल्या, डबे कोरडे असले तर भंगारवाला पैसे देऊन नेतो. त्यावर उरलेला भात-वरण सांडला की कोणी हात लावत नाही, माश्या आणि उंदीर तेवढे येतात. मग काहीजण ढीग पेटवून देतात. प्लास्टिकचा तो धूर विषारी असतो. दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्याचा त्रास अधिक होतो.

पण मित्रांना हे पटवायचे कसे? उपदेशाने भांडण होते. येथे मला आपल्या विदर्भातले संत गाडगेबाबा (1876-1956) आठवतात. बाबा गावात आले की आधी खराटा घेऊन स्वतः झाडू लागत. रात्री कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारीत आणि लोकांच्याच तोंडून उत्तर काढीत. आधी हात, मग तोंड, हा क्रम खोलीतही चालतो.

त्या मुलांना मी एवढेच सांगितले :

1. ओल्या कचऱ्याला झाकणाची बादली आणि सुक्याला पोते ठेवा. दोन्ही एकमेकांशेजारी हवीत. पोते लांब असले तर कोणी जात नाही.

2. डबा, बाटली पाण्याने विसळून, निथळून, मगच पोत्यात टाका. पोते छपराखाली ठेवा.

3. दाढीचे पाते, सुई, फुटकी काच जाड डब्यात बंद करून वेगळी द्या. नाहीतर सफाई कामगाराचा हात कापतो.

4. एकेका आठवड्याची पाळी भिंतीवर लिहा. ज्याची पाळी, त्याने आठवड्यातून एक दिवस ठरवून अंगण, छत, कूलर पाहावा. साचलेले पाणी ओतून भांडे घासून काढावे.

5. भंगाराचे पैसे चौघांच्या सामाईक खर्चात घाला.

पहिली पाळी कोणी घ्यावी यावर पुन्हा वाद होणार, असे दिसले. तेव्हा तापातून उठलेलाच मुलगा म्हणाला, "पहिली माझी." बाकीच्यांना मग काही बोलता आले नाही. महिन्याभराने तो भेटला. एकजण अजूनही पाळी चुकवतो, पण अंगण स्वच्छ आहे, असे म्हणाला. भंगाराच्या पैशातून चहापत्ती आली होती.

आपल्या घरी चारजण असोत की दहा, आज संध्याकाळी मागचे अंगण एकदा पाहून घ्या. सुरुवात कुणी करावी, हे विचारत बसू नका.