गंगेला पाणी, शिवार कोरडं

पुणतांब्यात पावसाळ्याची खबर पुष्कळदा आभाळाआधी नदीच आणते. डोक्यावर नुसते ढग पळत असतात, वाऱ्यानं धुरळा उडत असतो, बाजरीनं माना टाकलेल्या असतात. आणि घाटाच्या पायऱ्यांवर गढूळ पाणी चढत असतं. 'गंगेला पाणी आलं' म्हणत माणसं बघायला जातात. गोदावरीला इथं गंगाच म्हणायचं.

याचं कारण शंभर-सव्वाशे किलोमीटर पश्चिमेला आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढून थंड होतात आणि बरेचसे तिथंच रिते होतात. इगतपुरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून पूर्वेला उतरणारी हवा तापत, सुकत येते. पुणतांब्यासह राहाता-कोपरगाव पट्ट्याच्या वाट्याला जेमतेम पाचशे मिलिमीटर उरतात. २०१९च्या ऑगस्टमध्ये नाशिकला महापूर आला, तेव्हा खाली पैठणचं जायकवाडी धरण भरलं ते मुख्यतः या वरच्या पाण्यानं.

इथला भरवशाचा पाऊस उशिराचा. मृगात पेरणीची घाई असते, पण जुलै-ऑगस्टमध्ये दोन-तीन आठवड्यांचा खंड पडणं नवलाचं नाही. उत्तरा आणि हस्ताच्या सुमारास बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे आत सरकतात, मग दुपारी गडगडाट करत पाऊस येतो. बेसाल्ट झिजून झालेली काळी जमीन ती ओल धरून ठेवते. रब्बीची ज्वारी आणि हरभरा तिच्यावरच. सोयाबीन काढणीला आलं असताना तोच पाऊस आला, तर त्याला शिव्याही बसतात.

इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले. १९१६मध्ये दारणा धरण झालं. ऊस आला, साखर कारखाने आले, राहात्याचा पेरू नावारूपाला आला. पाण्याचा अतिरेक झाला तिथं जमीन चोपणही झाली. नक्षत्रांच्या जोडीला आणखी एक पंचांग सुरू झालं: कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज कधी भरायचा. माझ्या मते इथल्या शेतकऱ्याला आज हे दुसरं पंचांगच जास्त छळतं. ढगाशी भांडता येत नाही, कालव्याशी येतं.

१ जून २०१७पासूनच्या शेतकरी संपाची हाक पुणतांब्यातूनच गेली. मागण्या कर्जमाफीच्या, हमीभावाच्या, दुधाच्या दराच्या. पण तारीख पाहावी, मृग अवघा आठवडाभर दूर होता. पेरणीच्या तोंडावर माणूस 'पिकवणारच नाही' म्हणाला.

गावात चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं जगले म्हणतात. तसं असेल, तर कोरड्या आभाळाखालचे पूर त्यांनी पुष्कळ पाहिले असणार. टक्केवारी मात्र त्यांना मोजावी लागली नाही. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत उपयुक्त साठा ठरावीक टक्क्यांखाली असेल, तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचं, असा समन्यायी वाटपाचा हिशेब आहे. म्हणून दसऱ्याच्या सुमारास इथला माणूस परतीच्या ढगांबरोबर पैठणचा आकडाही बघतो, आणि मग गव्हाखाली किती वावर धरायचं ते ठरवतो.