हिमालयांतील लांबलेला हिवाळा व आपला पाऊस

एखाद्या वर्षीं हिमालयांत बर्फ अतोनात पडतें व हिवाळा चैत्रापर्यंत लांबतो. अशी वार्ता आली कीं, आपल्या पावसाचें काय होणार, ही चिंता शेतकऱ्यांस पडते. ती अगदींच निराधार नाहीं. १८७६-७८ च्या दुष्काळानें दख्खन होरपळल्यावर हवामानखात्याचे प्रमुख ब्लॅनफर्ड यांनीं या गोष्टीचा शोध केला. व हिमालयावर बर्फ अधिक तर पुढील पाऊस कमी, असा संबंध १८८४ सालीं मांडला. त्याचें कारण असें: शुभ्र बर्फ सूर्याची उष्णता परत फेंकतें, उरलेली उष्णता तें वितळण्यांत व ओली जमीन सुकण्यांत खर्च होते. त्यामुळें जमीन उशिरां तापते, व समुद्रावरील बाष्पयुक्त वारे ओढून घेण्याची तिची शक्ति मंदावते.

तथापि हा संबंध दरवर्षीं जुळत नाहीं, असें पुढील अनुभवानें दिसून आलें. प्रशांत महासागराचें पाणी विशेष तापलें, म्हणजे ज्यास एल निनो म्हणतात तें घडलें, तर त्याचाही परिणाम आपल्या पावसावर होतो. सबब केवळ बर्फाच्या वार्तेवरून पेरणीचा बेत मोडूं नये. मात्र दुबार पेरणीपुरतें बीं राखावें, बांधबंदिस्ती वेळेवर उरकावी, व कडबा विकण्याची घाई करूं नये. पाऊस चांगला झाला, तरी ही तजवीज वायां जात नाहीं.