डोळ्यांतून पाणी वाहतंय? मग डोळे कोरडे असतील!

आजचा एपिसोड डोळ्यांवर आहे, आणि सुरुवात माझ्याच मूर्खपणापासून करतो.

मागच्या वर्षी एका रिलीजच्या आधी मी रोज १२-१३ तास स्क्रीनसमोर होतो. संध्याकाळ झाली की डोळे चुरचुरायचे, अक्षरं धूसर व्हायची, गालावर पाणी यायचं. म्हटलं, ब्लू लाइट! १८०० रुपयांचा ब्लू-कट चष्मा घेतला. फरक शून्य. मग टीममधला एक जण म्हणाला, "अरे, हे ड्रॉप्स टाक, लाली लगेच जाते." खरंच गेली. महिनाभर मी तेच टाकत राहिलो, मेडिकलमधून, चिठ्ठीशिवाय.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी बाटलीवरचं नाव वाचलं आणि सगळ्यात आधी डोळ्यांचं प्रेशर तपासलं. ड्रॉप्समध्ये स्टिरॉइड होतं. असे ड्रॉप्स सल्ल्याशिवाय बरेच दिवस टाकले तर प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, आणि काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. माझं प्रेशर नॉर्मल निघालं. पण आकडा कळेपर्यंत माझे हात गार पडले होते.

निदान काय? कोरडे डोळे. मी म्हटलं, "मॅडम, पाणी तर वाहतंय!" त्याचं लॉजिक असं आहे. बुबुळावर अश्रूंचा पातळ थर असतो, त्यात पाणी असतं आणि ते उडून जाऊ नये म्हणून वर तेल. पापणी मिटली की हा थर नव्याने पसरतो. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी मिटतो. स्क्रीनसमोर हे खूप कमी होतं, आणि पुष्कळदा पापणी अर्धीच मिटते. थर जागोजागी फाटतो, डोळा जळजळतो, मग शरीर घाईघाईने पाणी सोडतं. ते थर नीट बांधत नाही, नुसतं ओघळतं.

मी इंजिनिअर, डेटाशिवाय पटणार कसं? कोडिंग करताना स्वतःचा व्हिडिओ काढला. मिनिटाला ४. आईशी व्हिडिओ कॉलवर गप्पा मारताना १७. (आईला वाटलं, मी तिचं बोलणं रेकॉर्ड करतोय.)

दुसरी भानगड फोकसची. जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातला एक छोटा स्नायू आवळून धरावा लागतो. फोन एक फुटावर धरून दोन तास रील्स, म्हणजे दोन तास मूठ घट्ट आवळून बसणं. म्हणून ते २०-२०-२०: दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद बघायचं. मी समोरच्या बिल्डिंगची पाण्याची टाकी बघतो.

आणि माझे १८०० रुपये? २०२३ मध्ये कॉक्रेनने १७ चाचण्या एकत्र तपासल्या. ब्लू लाइट गाळणाऱ्या काचांमुळे डोळ्यांचा ताण कमी होतो असं, निदान थोड्या काळात तरी, दिसलं नाही.

मी बदललं ते एवढंच: मॉनिटर डोळ्यांच्या पातळीखाली आणला, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एसीचा झोत तोंडावरून हटवला. आणि मॅडमनी लिहून दिलेले साधे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स टाकतो. चष्म्याचा नंबरही थोडा बदललेला निघाला, तो तपासायचा राहूनच गेला होता.

डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा अचानक कमी दिसायला लागलं, तर ते स्क्रीनवर ढकलू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. आणि घरात लाली घालवणाऱ्या ड्रॉप्सची बाटली पडली असेल, तर तिच्यावरचं बारीक नाव आज जरा वाचून बघा.