तेल्याची सुई : जिवाणू झाडाच्या पेशीत प्रथिनं कशी घुसवतात

मंडळी, सोनगीरला येऊन तांब्याविषयी बोलणं म्हणजे तांबटांच्या आळीत भांडं घडवून दाखवण्यासारखं. ते धाडस मी करणार नाही. माझा प्रश्न एवढाच की डाळिंबावर आपण बोर्डो मिश्रण फवारतो, कॉपर ऑक्सिक्लोराइड फवारतो, म्हणजे तांबंच फवारतो. तरी तेल्या का आटोक्यात येत नाही?

तेल्या करणारा जिवाणू म्हणजे झँथोमोनास. पानावर, फळावर तेलकट डाग पडतात, काळे होतात आणि शेवटी फळ तडकतं. या जिवाणूच्या अंगाभोवती दोन पापुद्रे असतात. प्रथिन हा मोठा रेणू, तो त्यातून आपोआप झिरपत नाही. बाहेर पाठवायचा तर वाट बांधावी लागते. जिवाणूंकडे अशा वाटांचे अनेक प्रकार आहेत आणि शास्त्रज्ञ त्यांना सरळ क्रमांकांनी ओळखतात.

झँथोमोनास त्यातल्या दुसऱ्या प्रकाराने झाडाची पेशीभिंत विरघळवणारी विकरं बाहेर ओततो. पण खरी करामत तिसऱ्या प्रकाराची. दोन्ही पापुद्र्यांत बसवलेली कडी, बुडाशी ऊर्जा पुरवणारं प्रथिन, वर पोकळ नळी. इंजेक्शनच म्हणा ना! १९९८ साली साल्मोनेलामधलं असं यंत्र पहिल्यांदा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं. नळीचं भोक जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचं. घडी घातलेलं प्रथिन त्यात मावत नाही, म्हणून ते उलगडतं, दोऱ्यासारखं सरकतं आणि पलीकडे पुन्हा घडी घेतं. (गंमत म्हणजे जिवाणू पोहायला जी शेपटी वापरतात, तिच्या बुडाशीही याच घडणीचं यंत्र असतं.) साल्मोनेलाची सुई आखूड असते. झाडाच्या पेशीला जाड भिंत, म्हणून झँथोमोनासची नळी लांब आणि लवचिक.

आता या सुईतून जातं काय? आपल्याला वाटतं विष. तसं नाही. परका जिवाणू आला की झाडाची पेशी धोक्याची घंटा वाजवते, भिंत जाड करायला घेते. सुईतून गेलेली प्रथिनं ही घंटाच बंद पाडतात. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी तेल्याच्या जिवाणूतलं झॉप-एन नावाचं असं एक प्रथिन तपासलं. त्याचं जनुक निकामी केल्यावर जिवाणू जिवंत राहिला, पण डाळिंबावरचा त्याचा जोर ओसरला.

म्हणजे बघा, जिवाणू पर्णरंध्रातून किंवा छाटणीच्या जखमेतून आत शिरला, पेशींच्या मधल्या फटीत बसला आणि सुई लावली, की तुमचं तांबं पानाच्या वरच राहतं. तिथे ते पोचतच नाही. म्हणून तांब्याचं काम पावसाआधीचं, जिवाणू बाहेर असतानाचं. डाग दिसल्यावर मात्रा दुप्पट करणं मला तरी पैशाची नासाडी वाटते, आणि ते तांबं मातीत साठत जातं ते वेगळंच. त्यापेक्षा प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटमध्ये बुडवा, रोगट फांद्या-फळं बागेबाहेर नेऊन जाळा.

जिवाणूला न मारता फक्त सुई तुंबवणारी रसायनं प्रयोगशाळांत तपासली जात आहेत. जिवाणू मरत नसल्यामुळे औषधाला दाद न देणाऱ्या वाणांचं फावण्याची शक्यता कमी, असा त्यामागचा विचार.

शेवटी एका दादांनी विचारलं, "ही यंत्रं आपल्या काही कामाची की नुसती वैरी?" कामाचीही आहेत. अ‍ॅग्रोबॅक्टेरियम नावाचा मातीतला जिवाणू चौथ्या प्रकारच्या यंत्रणेतून झाडात चक्क डीएनए घालतो. २००२ साली आपल्याकडे मंजूर झालेल्या पहिल्या बीटी कापसात बीटीचं जनुक त्याच वाटेने घातलं होतं.