बँकेने कापलेला दंड परत मागताना

मराठवाड्याच्या तोंडी असलेली ‘हैदराबाद बँक’, म्हणजे स्टेट बँक ऑफ हैदराबाद, 1 एप्रिल 2017 रोजी भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली, आणि किमान शिल्लक न राखल्याबद्दलचा, काही वर्षे स्थगित असलेला दंडही त्याच महिन्यापासून पुन्हा अमलात आला. हा योगायोग, कापूस विकल्यावरच ज्याच्या खात्यात रक्कम दिसते अशा जाफराबादच्या शेतकऱ्यास महाग पडावा असाच होता. मार्च 2020 मध्ये स्टेट बँकेने हा दंड रद्द केला; अन्य कित्येक बँका तो आजही वसूल करतात.

परंतु रिझर्व्ह बँकेचा 1 एप्रिल 2015 पासूनचा दंडक असा, की शिल्लक घटताच खातेदारास आगाऊ सूचना देऊन किमान एक महिन्याची मुदत द्यावी, आकार तुटीच्या प्रमाणात असावा आणि केवळ त्या आकारामुळे खाते उणे होऊ नये. जनधनसारख्या मूलभूत बचत खात्यास तर किमान शिल्लकेची अटच नाही.

म्हणून पासबुक भरून घ्यावे, कपातीच्या तारखा नमूद करून शाखाधिकाऱ्याच्या नावे लेखी अर्ज द्यावा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. तोंडी आश्वासनाला दफ्तरी किंमत नसते. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक असल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य दाद मागता येते. मात्र ‘दर फार आहेत’ एवढीच कुरकुर तेथे टिकत नाही. नियमभंग दाखवावा लागतो. चौकशीसाठी दूरध्वनी 14448.