गावी परतलेला नायक

चिनी मालिका म्हटली की तलवारी आणि उंच उड्या आठवतात. आमच्या घरी मुलीने लावलेली ‘मीट युअरसेल्फ’ ही २०२३ सालची ४० भागांची मालिका मात्र वेगळी निघाली.

जिवलग मैत्रीण कर्करोगाने गेल्यावर शू होंगदौ ही तरुणी बीजिंगमधली हॉटेलातली नोकरी सोडते आणि युन्नान प्रांतात, दालीजवळच्या खेड्यात राहायला येते. तिथे तिला श्ये झीयाओ भेटतो. तोही चांगल्या पगाराची नोकरी सोडून गावी परतलेला. गावातल्या पोरांना गावातच काम मिळावे म्हणून तो झटतो. दोघांचे प्रेम सावकाश फुलते, उगाच रडारड नाही.

खुरपणी, पडलेला बाजारभाव, कर्जाचा हप्ता यांना मालिकेत फारशी जागा नाही, हे मला खटकले. तरी मन बेचैन झाले. तीस वर्षे बांधावर उभा राहून मीच सांगत आलो, “पोराला शिकवा, शेतीत अडकवू नका.” परतलेल्या पोराला गाव नापास समजते, त्यात माझाही वाटा आहे.

असा पोरगा दारी आला, तर आधी त्याला जेवू घाला. मग वही काढून त्याच्यासोबत जमाखर्चाला बसा.